माझीच गोष्ट, मलाच ३६ हजारांना

पैसे गेल्याचं दुःख आता बोथट झालंय. टोचतं ते वेगळंच. फसवायची युक्ती त्या माणसाला मीच दिली, तीही फुकट, त्याच्याच दुकानात बसून, त्याचाच चहा पीत.

वाळूजला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये २२ वर्षं काढली. पत्र्याची चकती दाबून, ओढून तिचा पेला कसा होतो, दोन ओढींच्या मध्ये तो तापवून नरम का करावा लागतो, हे हातात बसलेलं. त्यामुळे निवृत्तीनंतर मला जुन्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचा नाद लागला तेव्हा घरच्यांना नवल वाटलं नाही, वैताग तेवढा आला. पुंगळी म्हणजे गोळी सुटल्यावर मागे उरते ती पितळी नळी. माझ्याकडच्या ११ पुंगळ्या जुन्या भांड्यांच्या ढिगातून आलेल्या, तोंडं चेपलेल्या. सागवानाची निमुळती खुंटी करायची, ती तोंडातून फिरवत फिरवत आत सरकवायची, चेप हळूहळू बाहेर येतो. चिंचेच्या पाण्यात फार वेळ ठेवायचं नाही. आंबटाने जस्त आधी सुटतं आणि पितळेवर तांबूस डाग पडतो. बुडावरच्या शिक्क्याला तर हातच लावायचा नाही. काही जण घासून आरशासारखं चकाकवतात. मला ते जुन्या देवळातल्या दगडी मूर्तीला ऑइलपेंट फासल्यासारखं वाटतं.

अंबाजोगाईला मावसबहिणीकडे गेलो असताना हे दुकान सापडलं. घंगाळं, समया, अडकित्ते, एका पायाचा पाळणा. दुकानदार चाळिशीचा, बोलायला गोड. पहिल्या भेटीत त्याने दोन पुंगळ्या २०० रुपयांत दिल्या. त्या अस्सल होत्या, हे कबूल केलं पाहिजे.

निजामाच्या राज्यात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत आणि हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेच्या, घोडदळाची छावणी तिथे होती, हे त्याला माहीत होतं. त्यापुढचं मी सांगितलं. हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेला एक कोडं पडलं होतं. साठवून ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे. ऋतू बदलला की तडा, म्हणून नावच पडलं ‘सीझन क्रॅकिंग’. कारण निघालं घोड्यांच्या मुतात. पागेत मूत कुजलं की अमोनिया सुटतो, दमट हवेत तो पितळेवर बसतो, आणि ओढताना धातूत अडकून राहिलेला ताण त्या जागी वाट काढतो. नळी उभी चिरते. इंग्लंडातल्या धातुतज्ज्ञांनी हे १९२१ मध्ये नीट मांडलं.

“म्हंजे काका, तडा असला की माल पागेतला?”

“अगदी,” मी म्हणालो. तसं ‘अगदी’ काही नव्हतं. अमोनिया कुठूनही येतो. पण मन लावून ऐकणारा माणूस निवृत्तीनंतर किती वेळा भेटतो?

दोन महिन्यांनी, आषाढात, त्याचा फोन. “आवो काका, पागेच्या पडक्या भिंतीत पेटी सापडली. चोवीस नग. पण समद्यांला तडे गेलेत बघा. भंगारात टाकू का?”

मी त्याच दिवशी एसटी पकडली. एका नगाचे १,५०० याप्रमाणे ३६ हजार झाले. अर्धे फोनवरून पाठवले, अर्धे रोख दिले. पावतीवर त्याने लिहिलं ‘शोभेच्या पितळी वस्तू’. त्यावर आम्ही दोघंही हसलो. तो का हसत होता ते आता कळतं.

पेटीचं झाकण उघडलं तर नाकाला झोंबणारा वास, डोळ्यांत पाणी. “पागेचा वास काका. शंभर वर्षं मुरलाय.” मी डोळे पुसत मान डोलावली. अहो, अमोनिया म्हणजे वायू. पडक्या भिंतीत तो शंभर वर्षं कुणासाठी थांबेल? नवसागर आणि चुना एकत्र ओलवून बंद डब्यात ठेवला तर हाच वास येतो. आमच्या गल्लीत दर दिवाळीला कल्हईवाला बसायचा, नवसागर मला नवा नव्हता. वास खरा होता, ताजाही होता, आणि त्याचं ताजेपणच मला खटकलं नाही.

महिनाभराने पुण्यातल्या एका जुन्या संग्राहकांना फोटो पाठवले. प्रत्येक पुंगळीच्या बुडावर १८९९ हे साल होतं, त्याचा मला अभिमान. त्यांनी एकच वाक्य लिहिलं: ब्रिटिश लष्कराच्या .३०३ बंदुकीच्या पुंगळीवर साल ठोकायला लागले तेच १९०७ पासून. हे दुकानदाराला माहीत नव्हतं, कारण मी त्याला सांगितलं नव्हतं. आणि मी सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

मग भिंग घेऊन बसलो. कारखान्यात शिक्का एका दाबात बसतो, सगळे आकडे सारख्या खोलीचे. इथे १ खोल, ८ उथळ, दोन ९ दोन दिशांना कललेले. एकेका आकड्याचे सुटे ठसे हातोडीने ठोकलेले होते. आकड्यांखाली कानशीचे ओरखडे. काळपट थर ओरखड्यांच्या आतही तसाच, म्हणजे आधी कानस, मग अमोनिया. तड्याच्या कडा आतून पिवळ्याधमक. आणि एका पुंगळीवर कानस नीट फिरली नव्हती, तिथे पुसट ‘केएफ’ आणि दोन आकडी साल. केएफ म्हणजे खडकीची दारूगोळ्याची फॅक्टरी. ती १८६९ पासूनची, त्यामुळे अक्षरांवरून काही ठरत नव्हतं. पण सालातला पहिला आकडा ६ होता, आणि .३०३ बंदूक विलायतेतच १८८८ ला आली. म्हणजे साल १९६० च्या दशकातलं, आणि माझी ‘पागेतली’ पुंगळी माझ्याहून धाकटी निघाली.

फोन केला. आवाजातला गोडवा तसाच. “पोलिसात जायचंय? जावा ना काका. पुंगळ्या कोणाच्या घरात हायत? माझ्याकडं तर शोभेच्या वस्तूंची पावती हाय.”

इथे मात्र मला घाम फुटला. वकील मित्राला विचारलं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग येतात. जुळवून वापरायचा हेतू नसेल तर किरकोळ भागांना कलम ४५ मध्ये सूट आहे. “पण ते तू कोर्टात सांगशील,” तो म्हणाला, “ठाण्यात आधी विचारतील की ह्या आल्या कुठून.” गोळीबाराच्या सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतल्या जातात. साठच्या दशकातल्या २४ पुंगळ्या बाजारात कशा उतरल्या, याचं उत्तर दुकानदाराकडे असेल, माझ्याकडे फक्त त्या पुंगळ्या होत्या. ह्या धंद्यातली मेख हीच आहे. माल असा निवडायचा की गिऱ्हाईक तक्रार घेऊन जायला कचरेल.

वकिलालाच सोबत घेऊन ठाण्यात गेलो. फोनवरच्या पैशांचा पुरावा, पावती आणि पेटी, सगळं लेखी अर्जासोबत दिलं. पंचनामा झाला. साहेबांनी पेटी उघडली आणि नाकावर रुमाल धरला. तिथे माझा अर्ज आहे, पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही. रोख दिलेल्या १८ हजारांना तर कागदच नाही.

माझ्या जुन्या ११ सुद्धा मी त्याच दिवशी देऊन टाकल्या. देण्याआधी एकेक पाहून घेतली, तर चार जणींच्या गळ्याला केसाएवढी चीर. महिनाभर ती पेटी मी त्यांच्याच कपाटात ठेवली होती, खालच्या कप्प्यात, दार लावून, ऐन श्रावणात.

त्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात आईचा पितळी तांब्या असायचा. सर्वपित्रीला बायकोने तो काढला, भरून पाटाजवळ ठेवला आणि म्हणाली, “अहो, हा कधीपासून गळतोय?”