बादली, प्रेशर वॉशर की वॉशिंग सेंटर? आणि धुतलेली गाडी सुकवायची कशी?

मोटरसायकल घरीच धुवायची असं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो प्रेशर वॉशर घ्यावा का. माझं मत आधीच सांगतो. घरात एक-दोनच गाड्या असतील तर घेऊ नका. गाडी बादलीने छान धुता येते. खर्च करायचाच असेल तर तो सुकवण्यावर करा, कारण गंज धरतो तो आत राहिलेल्या पाण्याने.

बादलीला तीस-पस्तीस लिटर पाणी आणि पाऊण तास लागतो. एक बादली शाम्पूची, एक साध्या पाण्याची. इंजिन आणि सायलेन्सर गार होऊ द्या, सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधा. मग मगाने सगळीकडे पाणी ओतून दहा मिनिटं चिखल भिजू द्या. ही दहा मिनिटं फार मोलाची. वाळलेल्या चिखलावर फडकं फिरलं की टाकीवर बारीक ओरखडे उठतात आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. टाकी आधी, चाकं शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळं. कपड्यांची पावडर वापरू नका, पॉलिश उतरतं. उणं एकच: मागच्या मडगार्डच्या आत आणि चेनच्या आजूबाजूला हात पोचत नाही, तिथे जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं.

नेमकं तिथेच प्रेशर वॉशर सरस ठरतो. मडगार्डखालचा महिन्याभराचा चिखल ढेकळांनी खाली पडतो. पण घरगुती मशीनचा दाबही साधारण १०० ते १३० बार असतो, आणि आपल्या टायरमध्ये हवा असते दोन-अडीच बार. कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग), चाकांची बेअरिंग, चेनच्या ओ-रिंगा (कड्यांमधल्या रबरी रिंगा), वायरींचे कपलर म्हणजे जोड, हे सगळं पावसाला पुरे पडेल असं केलेलं असतं, जवळून मारलेल्या अशा धारेला नाही. आतलं ग्रीस धुऊन गेलं तर त्या दिवशी काहीच कळत नाही, काही महिन्यांनी हँडल वळवताना अडकल्यासारखं वाटू लागतं. शिवाय फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना पार्किंगमध्ये नळ आणि प्लग दोन्ही लागतात. शेतावर किंवा कच्च्या रस्त्यावर रोज फिरणारी गाडी असेल, घरात कारही असेल, तर मात्र जरूर घ्या. फवारा पसरट ठेवा, हात-दीड हात लांबून मारा आणि चाकाच्या मधोमध कधीच रोखू नका.

वॉशिंग सेंटरला शंभर-दीडशे रुपयांत काम होतं, पण रविवारच्या गर्दीत गरम इंजिनवरच गार पाणी पडतं. काही ठिकाणी चमक यावी म्हणून वरून डिझेल मारतात. ते रबरी भागांना वाईट, आणि त्यावर धूळही लवकर बसते. एका पावसाळ्यात मी अशीच गाडी धुऊन आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुरूच होईना. मेकॅनिकने स्पार्क प्लगची कॅप काढली तर खालच्या खड्ड्यात पाणी साचलेलं. ते निघून जायला इंजिनला एक बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलं होतं. तार घातल्यावर पाणी वाहून गेलं.

आता सुकवणं. उन्हात नुसती उभी करणं सगळ्यात सोपं, पण बोअरचं पाणी असेल तर थेंब जिथे वाळतो तिथे पांढरा डाग पडतो, आणि काळ्या टाकीवर तो जाता जात नाही. मायक्रोफायबरचा टॉवेल बाहेरच्या भागाला उत्तम. घासू नका, पसरून ठेवा आणि ओढून घ्या. चक्कर मारून आणल्याने इंजिनची उष्णता आणि वारा बरंच पाणी उडवतात, पण ओल्या गाडीवर रस्त्यावरची धूळ चिकटते.

ब्लोअरचा फरक बघायचा असेल तर गाडी आधी टॉवेलने पूर्ण पुसा, कोरडी झाली असं वाटेपर्यंत. मग इंजिनच्या फिन्समध्ये (बाहेरच्या पातळ पट्ट्यांमध्ये), स्विचच्या फटींत, चावीच्या भोकावर हवा मारा. प्रत्येक बोल्टच्या खड्ड्यातून थेंब उडताना दिसतील. कॉम्प्युटरची धूळ उडवायचा हातातला ब्लोअर हजार-दीड हजारात येतो आणि काम पाच मिनिटांचं. कोकणात, खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी तर तो घ्यावाच.

शेवटी मेन स्टँडवर इंजिन बंद ठेवून मागचं चाक हाताने फिरवत चेन पुसा आणि ल्युब मारा. इंजिन चालू ठेवून हे कधीच करू नका, चेन आणि स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) बोट गेलं की तुटतंच. पॉलिशचा हात ब्रेकच्या डिस्कला लागू देऊ नका, आणि गाडी बाहेर काढलीत की पहिल्या शंभर मीटरमध्ये दोन्ही ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून घ्या, ओल्या डिस्कवर पहिला ब्रेक उशिरा लागतो.