नागपुरातली स्पीडगन आणि ई-चलान: मशीन चोख, पाट्यांचा घोळ

वेगमर्यादेची अंमलबजावणी ही सेवा आहे असं धरलं (पैसे तर आपणच भरतो), तर तिचे तीन भाग पडतात: गन, पाटी आणि चलान आल्यानंतरचं पोर्टल. सगळ्यात जास्त शिव्या गनला पडतात आणि तिचाच दोष सगळ्यात कमी आहे.

लेझर गन प्रकाशाचे झटपट ठोके सोडते. ते गाडीवर आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं, आणि अंतर किती भरभर घटतंय त्यावरून वेग. अर्ध्या सेकंदात काम आटोपतं. ३०० मीटरवर किरण जेमतेम मीटरभर पसरतो, त्यामुळे ‘बाजूच्या ट्रॅव्हल्सचा वेग माझ्या नावावर लागला’ ही तक्रार इथे फारशी टिकत नाही. गन कडेला तिरपी उभी असली तर वेग कमीच दिसतो. २० अंशांच्या कोनात १०० चे ९४ होतात. म्हणजे फायदा चालकाचाच.

शिवाय गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम असल्यानं कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात. मग ‘काटा तर ७० वरच होता’ म्हणणारे अडकतात कुठे? बरेचदा टायरमध्ये. हौसेनं मोठे टायर चढवले की चाकाच्या एका फेरीत जास्त रस्ता कापला जातो आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो. व्यास ५ टक्के वाढला की काट्यातली ती राखीव जागा तिथेच खर्ची पडते. मोबाइलवर जीपीएसचा वेग लावून सरळ रस्त्यावर एकदा ताडून बघा, फरक लगेच दिसतो.

खरा घोळ पाटीचा. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कारला द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि शहरात ७० ही कमाल मर्यादा. दुचाकीला शहरात ६०, ऑटोला ५०. पण हे आकडे वरच्या टोकाचे आहेत, स्थानिक पातळीवर ते खाली आणता येतात. मग वर्धा रोडनं बुटीबोरीकडून शहरात शिरताना मर्यादा नेमकी कुठे बदलली, हे चालकाला पाटीशिवाय कळायचं कसं? पाटी कडुनिंबाच्या फांदीआड किंवा एखाद्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे असेल, तर तो दंड कायदेशीर असूनही माणसाला पटत नाही. आणि पाटी पुलाच्या चढावर, गन उतारावर, जिथे गाडी आपसूक वेग घेते, तिथे तर सरळ सापळाच म्हणायचा.

मर्यादा मात्र फुकटच्या नसतात. ५० च्या वेगाला ब्रेक मारून कार थांबायला, एक सेकंद भान यायला धरून, साधारण २८ मीटर लागतात. ७० ला ४६. सीताबर्डीच्या गर्दीत ७० कुणालाच परवडणार नाही. उलट रुंद, मोकळ्या रस्त्यावर ४० ची पाटी लावली की कुणी पाळत नाही आणि मग पुढच्या खऱ्या पाटीचीही किंमत जाते. १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत आपणहून चालतात, तो मोजून मर्यादा ठरवायची रीत वाहतूक अभियंत्यांना चांगली ठाऊक आहे.

परिणामाचं म्हणाल तर गन दिसली की ब्रेक, गन गेली की पुन्हा दाब. यावर उपाय सरासरी वेगाचा, म्हणजे दोन ठिकाणांमधलं अंतर कापायला लागलेल्या वेळेवरून काढलेल्या वेगाचा. समृद्धीवर नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. १२० नं ४ तास २० मिनिटं. १४० नं हाणलं तर ३७ मिनिटं वाचतात. टोलवरच्या आत-बाहेरच्या वेळा जुळवल्या, तर ती ३७ मिनिटं ढाब्यावर बसूनच घालवावी लागतील. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून असा सरासरी वेगही मोजणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा आहे. वेग खरोखर कमी करायचा असेल तर एकट्यादुकट्या गनपेक्षा हीच पद्धत कामाची.

आता चलान. महाट्रॅफिक या राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की यादी उघडते. फोटो मोठा करून बघा: नंबर प्लेट तुमचीच आहे का (० आणि ८ ची गल्लत होऊ शकते), गाडीचा रंग-मॉडेल जुळतं का, लावलेली मर्यादा तुमच्या वाहनवर्गाची आहे का, ठिकाण आणि वेळ बरोबर आहे का. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या २०२१ च्या १६७-अ नियमानं कॅमेऱ्याआधी सूचनाफलक, यंत्राचं प्रमाणपत्र आणि १५ दिवसांत नोटीस या अटी घातल्या. आक्षेपाचे मुद्दे यातूनच निघतात. मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमानुसार एका साक्षीदाराच्या नुसत्या नजरेच्या अंदाजावर दोषी ठरवता येत नाही, यंत्राचं मोजमाप लागतंच.

मेसेज आलाच नाही, ही तक्रार बहुतेकदा आरसीवरच्या जुन्या मोबाइल नंबरामुळे येते. जुनी गाडी विकून घेणाऱ्याच्या नावावर न केल्यास चलान आधीच्या मालकाकडेच जातं, बाप्पा, मग भांडत बसा. व्हॉट्सअॅपवर ‘चलान’ नावाची एपीके फाइल (फोनमध्ये अॅप बसवणारी) आली तर उघडू नका, ती बँक खातं साफ करायला असते. आणि आक्षेप घ्यायचा असेल तर दंड भरण्याआधी घ्या. कारमागचे २००० रुपये भरले की गुन्हा मान्य झाला आणि प्रकरण तिथेच मिटलं.