सिमेंटचे पत्रे उतरवायला थ्रीएमचा ६२०० मास्क

जळगाव-भुसावळकडे जुनी ओसरी किंवा गोठा पाडायचा म्हटलं की वरचे सिमेंटचे पत्रे आधी उतरवावे लागतात. जुन्या पत्र्यांत सिमेंटच्या जोडीला अ‍ॅस्बेस्टॉसचे, म्हणजे श्वासातून फुप्फुसात जाऊन कॅन्सर करू शकणाऱ्या खनिजाचे, बारीक तंतू असतात. तोंडाला गुंडाळलेला रुमाल ते अडवत नाही, सर्जिकल मास्कही नाही. या कामाला थ्रीएम कंपनीचा ६२०० हा अर्धा चेहरा झाकणारा मास्क आणि पी१०० दर्जाचे, म्हणजे बारीक धूळ जवळजवळ पूर्ण अडवणारे, २०९१ फिल्टर ही जोडी चांगली.

६२०० मध्यम मापाचा आहे. लहान चेहऱ्याला ६१००, मोठ्याला ६३००. फिल्टरच्या गुलाबी चकत्या पाव फेऱ्यात बसतात. मग दोन्ही चकत्या मधोमध अंगठ्यांनी दाबून हळू श्वास ओढा. मास्क किंचित आत दबून चेहऱ्याला चिकटला तर ठीक. नाकापाशी हवा लागली तर पट्टे पुन्हा ओढा. दाढीचे खुंट असतील तर मास्क घालून न घातल्यासारखाच, हवा खुंटांतून शिरते. मजुरांना आदल्या दिवशीच दाढी करून यायला सांगा.

खरी अडचण आपल्या उन्हाची. मे महिन्यात घामाने मास्क हनुवटीवरून घसरतो आणि माणूस तो धुळीतच खाली ओढतो. शिवाय मास्कमधून बोललेलं नीट कळत नाही, हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्या. काम उजाडताच सुरू करून नऊला थांबवावं, कारण धूळ उडू नये म्हणून पत्रे ओले ठेवावे लागतात आणि तापल्या पत्र्यावर पाणी टिकत नाही. या पाण्याचं महत्त्व मास्कपेक्षाही जास्त. कधीही औषध न भरलेल्या १५ लिटरच्या फवारणी पंपात पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण घालून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना बारीक तुषार मारा. जोराचा फवारा नको, त्याने वरचा थरच सुटतो. पत्रे धरून ठेवणारे गंजलेले जे-हुक (वाकडे बोल्ट) बोल्ट-कटरने कापा. ग्राइंडर लावला किंवा पत्रा फोडून ओढला तर इतकी धूळ उडते की हा मास्कही पुरा पडत नाही. पत्रा अख्खा, हातोहात खाली द्या. पत्र्यावर पाय ठेवू नका, तो अचानक फुटतो. परांचीवरून खालूनच काम करा.

शेवटी कपडे न झटकता ओल्या फडक्याने पुसा, मास्कही बाहेरून पुसा आणि सगळ्यात शेवटी तो काढा. वापरलेले फिल्टर, फडकी आणि तुकडे २०० मायक्रॉनच्या प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून पुण्याजवळच्या रांजणगावसारख्या धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पाठवा. नाल्यात टाकू नका, अंगणात भर म्हणूनही घालू नका.