डोंगर झकास, पण ‘थेरपी’ कुठे आहे? (दोन स्टार)

गोव्यातल्या नेत्रावळीच्या रानात फक्त बायकांसाठी भरणाऱ्या ‘ॲडव्हेंचर थेरपी’ (म्हणजे रानातल्या भटकंतीतून मनावर उपचार) शिबिराला जाऊन आले. मी फोंड्याची, निवृत्त नर्स. गुडघे अजून शाबूत आहेत.

चालणं उत्तम. सावरी धबधब्याच्या वाटेवर गावातलीच, वेळीप समाजातली एक बाई पुढे होती. निसरड्या उतारावर दोर धरायला लावण्याआधी ती प्रत्येकीचा चेहरा बघायची. एक जण थबकली, तर म्हणाली, “भंय दिसता जाल्यार हांगाच बस गे.” ना चिडवाचिडवी, ना टाळ्या. जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी तिच्याच कमरेला. जेवण साधं आणि गरम. संडास ठीक.

तक्रार आहे ती ‘थेरपी’ची, कारण पैसे त्या शब्दाचे घेतात. फॉर्मवर टी-शर्टचा साइझ विचारला, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते नाही. माझ्या तंबूतल्या मुलीला लिथियम (मनाच्या आजारावरचं औषध) चालू होतं. घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं. तिला पाणी पाजत राहिले ती मी.

संध्याकाळी पाय गळून गेलेले असताना सगळ्यांना गोल बसवून ‘मनातलं बाहेर काढा’ सुरू. एक बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलता बोलता कोसळली. संचालिकाबाई “छान, येऊ दे” म्हणाल्या आणि पुढचीकडे वळल्या! वर मोबाइलवर चित्रीकरण चालूच. विचारलं, तर म्हणे फॉर्मवर सही आहे. दमलेल्या, रडणाऱ्या बाईला त्या क्षणी नको म्हणता आलं पाहिजे की नको? उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवायची, हे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे. उपचार म्हणवता तर तसं वागा, नाहीतर सरळ सहल म्हणा. बाईंचं शिक्षण विचारलं, तर ‘सर्टिफाइड कोच’. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) असते, तसा नंबर कुणाकडेच नव्हता. रात्री कुणाचं बिनसलं असतं तर? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावायला रेंज नाही, आणि आयपीएचबी, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय, राहिलं थेट बांबोळीला.

घरी आल्यावर लेखी तक्रार केली, तेव्हा व्हिडिओ काढून टाकले. त्या बाईला नंतर कुणी फोन केला का, असंही विचारलं होतं. उत्तर आलं, “ग्रुपवर आहेत ना ताई सगळ्या.”