एफआरआर सोर्समधून बसवलं, त्यावर पावसाळा काढला: वापरानंतरचा अनुभव

भांडुप ते मुलुंड पट्ट्यात आमचं छोटंसं इंटरनेटचं जाळं आहे. दोन अपस्ट्रीम (आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या), एक्स्चेंजवर थोडं पीअरिंग (इतर जाळ्यांशी थेट देवाणघेवाण), स्वतःचा एएस नंबर (जगात आमच्या जाळ्याची ओळख), आणि चाळींपासून टॉवरपर्यंत विखुरलेले ग्राहक. काठावरचं राउटिंग एका जुन्या ब्रँडेड राउटरवर चालायचं. जगाचं आयपीव्ही४ टेबल, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठल्या वाटेने जायचं याची यादी, दहा लाख रूट्सच्या आसपास गेलंय, त्या बॉक्सची मेमरी ते पेलेना. नव्या राउटरचं कोटेशन पाहून मालक म्हणाले, "एवढ्यात बदलापूरला वन रूम किचनचं डाऊन पेमेंट होतं." मग लॅमिंग्टन रोडवरून जुने पण धडधाकट दोन सर्व्हर आणले, त्यात १० जीचं दोन पोर्टवालं कार्ड टाकलं, डेबियन चढवलं आणि त्यावर एफआरआर म्हणजे फ्री रेंज राउटिंग हे राउटिंगचं सॉफ्टवेअर सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधून बसवलं.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण धंद्यातली माणसंही हा प्रश्न विचारतात. एफआरआर पॅकेट इकडून तिकडे ढकलत नाही. ते काम लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं. एफआरआर शेजारच्या राउटरांशी बोलतं, कुठला रस्ता चांगला ते ठरवतं आणि कर्नलच्या टेबलात लिहितं. बीजीपीला (वेगवेगळ्या जाळ्यांनी एकमेकांना रस्ते सांगायची भाषा) एक डीमन म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, ओएसपीएफला (एकाच जाळ्याच्या आतली तशीच भाषा) दुसरा, आणि सगळ्यांच्या मधे झेब्रा नावाचा डीमन, जो कर्नलशी व्यवहार करतो. त्यामुळे "एफआरआरला स्पीड किती?" हा प्रश्नच लागू होत नाही. स्पीड कार्डाचा, सीपीयूचा आणि कर्नलच्या ट्यूनिंगचा.

झेब्रा हे नाव जुन्या घराण्यातून आलंय. १९९६ साली जपानमध्ये कुनिहिरो इशिगुरो यांनी जीएनयू झेब्रा सुरू केलं, त्यातून २००३ च्या सुमारास क्वागा निघालं, आणि क्वागामधून फुटून एफआरआर. एप्रिल २०१७ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आलं. ही वंशावळ सांगायचं कारण व्यावहारिक आहे. नेटवर शोधलं की क्वागाच्या काळातले लेख भरभरून मिळतात आणि त्यातल्या अर्ध्याअधिक कमांड आजही चालतात. उरलेल्या घात करतात. तेव्हा लेखाची तारीख पाहिल्याशिवाय एक ओळही कॉपी करू नका.

पॅकेज तयार मिळत असताना सोर्सचा उपद्व्याप कशाला? एफआरआरवाल्यांचं स्वतःचं डेबियन भांडार आहे, चांगलं आहे. पण आम्हाला हवी असलेली एक दुरुस्ती स्थिर शाखेत येऊन पडली होती, पॅकेजात अजून उतरली नव्हती. कारण एवढंच. असं काही नेमकं कारण हाताशी नसेल तर सोर्सच्या वाटेला जाऊ नका, हे माझं मत आता आणखी पक्कं झालंय.

बांधणीत सगळ्यात जास्त वेळ एफआरआरने खाल्लाच नाही, लिबयांगने खाल्ला. कॉन्फिगरेशनचं मॉडेल हाताळणारी ही लायब्ररी. एफआरआरच्या दहाव्या मालिकेला तिची २.१.१२८ किंवा पुढची आवृत्ती लागते, आणि डेबियन १२ किंवा उबुंटू २२.०४ च्या भांडारात मिळते ती त्याहून जुनी. म्हणजे आधी लिबयांग स्वतः बांधायची. त्यासाठी सीमेक लागतं आणि पीसीआरई२ ची डेव्हलपमेंट फाइल लागते. ती यूएसआर या सिस्टिमच्या फोल्डराखालीच बसवली तर पुढे त्रास नाही. यूएसआर-लोकलमध्ये गेली तर बसवल्यावर एलडीकॉन्फिग (लायब्ररींची यादी ताजी करणारी कमांड) चालवावं लागतं, नाहीतर बांधणी बिनतक्रार होते आणि डीमन उठताना लायब्ररी सापडत नाही म्हणून पडतो. माझ्या हाताखालच्या पोराने पहिला दिवस यातच घालवला. संध्याकाळी विचारतो कसा, "सर, हे राउटर आहे की लायब्ररी?"

बाकीची यादी लांब असली तरी साधी: ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, बायसन, फ्लेक्स, जेसन-सी, सी-एरेस, लिबकॅप, रीडलाइन, प्रोटोबफ-सी. पायथन ३ ची डेव्हलपमेंट फाइल लोक हमखास गाळतात. "राउटरला पायथन कशाला" असं वाटतं, पण एफआरआरच्या कमांडचा बराचसा सी कोड बांधणीच्या वेळी क्लिपी नावाचं साधन तयार करतं आणि त्याला पायथन लागतं.

बांधण्याआधी सिस्टिमवर एफआरआर नावाचा युजर आणि ग्रुप करायचा, शिवाय एफआरआर-व्हीटीवाय हा वेगळा ग्रुप. हा दुसरा ग्रुप आमच्या फार कामाचा निघाला. रात्रपाळीच्या पोरांना रूट पासवर्ड न देता व्हीटीवायशेलमध्ये, म्हणजे एफआरआरला कमांड द्यायच्या खिडकीत, जाऊ देता येतं, या ग्रुपात नाव टाकलं की झालं. अर्थात आत शिरलेला माणूस कॉन्फिगही बदलू शकतो, त्यामुळे नाव कोणाचं टाकायचं ते विचार करून.

कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवली की शेवटी एक गोषवारा छापला जातो: आवृत्ती, कंपायलर, स्टेट फाइलचं फोल्डर, कॉन्फिग फाइलचं फोल्डर, कोणत्या युजरच्या नावाने चालणार, व्हीटीवायचा ग्रुप कोणता. त्याखाली सूचना असते की या युजरला त्या फोल्डरांत वाचायचा-लिहायचा हक्क असलाच पाहिजे. हा गोषवारा शांतपणे वाचा. जुन्या मार्गदर्शिकांत ईटीसीच्या पुढे एफआरआर जोडलेला मार्ग दिलेला असतो, नव्या आवृत्त्यांत नुसतं ईटीसी आणि व्हीएआर द्यायचं, पुढचं एफआरआर ते स्वतः लावतात. जुनं-नवं मिसळलं तर कॉन्फिग फाइल एकीकडे आणि डीमन पाहतोय दुसरीकडे. गोषवाऱ्यात ते दहा सेकंदांत दिसतं.

मी दिलेल्या पर्यायांपैकी दोनच सांगण्यासारखे. एक आरपीकेआय, म्हणजे एखादा पत्त्यांचा पट्टा जाहीर करायचा हक्क खरंच त्या जाळ्याचा आहे का ते तपासायची सोय. त्यासाठी आरटीआरलिब आधी बसवावी लागते, कॉन्फिगरला तसा पर्याय द्यावा लागतो, आणि एवढं करूनही डीमन्स फाइलमध्ये (कोणते डीमन कसे चालवायचे ते इथे लिहितात) बीजीपीडीच्या, म्हणजे बीजीपीच्या डीमनच्या, ओळीत ते मॉड्यूल लोड करायला सांगावं लागतं. यातली एक कडी सुटली की व्हीटीवायशेल आरपीकेआयची कमांडच ओळखत नाही. दुसरा, आवृत्तीच्या नावापुढे आपली शेपटी जोडायचा पर्याय. मी तिथे आमच्या एनओसीचं (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या विभागाचं) लघुरूप आणि बांधणीचा महिना टाकतो. व्हीटीवायशेलमध्ये "शो व्हर्जन" म्हटलं की ती शेपटी दिसते, आणि खाली कॉन्फिगरला दिलेले सगळे पर्याय जसेच्या तसे छापून येतात. चार महिन्यांनी पुन्हा बांधताना हीच माझी वही होती.

मेक आणि मेक इन्स्टॉल यांवर लिहिण्यासारखं काही नाही, चहा होईपर्यंत होतं. पण मेक इन्स्टॉल सगळं जागेवर ठेवत नाही. डीमन्स फाइल आणि सिस्टिमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू-बंद करणारी व्यवस्था) सर्व्हिस फाइल सोर्समधल्या टूल्स फोल्डरातून हाताने न्यायची. डीमन्स फाइलमध्ये बीजीपीडीसमोर "नो" असतं ते "येस" करायचं. कर्नलला आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींचं फॉरवर्डिंग चालू करायला वेगळं सांगायचं. फॉरवर्डिंग बंद असेल तर सेशन (शेजारच्या राउटरशी जोडणी) उभं, रूट्स आलेले, टेबल भरलेलं आणि ग्राहकाचं नेट बंद. फोनवर समोरचा "अहो सर, लाइट हिरवा आहे पण चालत काहीच नाही" म्हणतो तसा हुबेहूब प्रकार.

जुन्या राउटरवरून कॉन्फिग आणणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा धक्का पॉलिसीचा. बाहेरच्या एएसशी बीजीपी करायची तर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही दिशांना फिल्टर असलाच पाहिजे, असं २०१७ चं आरएफसी ८२१२ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) सांगतं, आणि एफआरआर ७.४ पासून ते मुळातच पाळतं. फिल्टर नसेल तर सेशन जोडलं जातं पण एकही रूट ये-जा करत नाही. "शो बीजीपी समरी"मध्ये रूट्सच्या आकड्याच्या जागी कंसात "पॉलिसी" हा शब्द येतो, बस. न कळणारा माणूस अपस्ट्रीमला फोन लावून भांडत बसतो. ही अट एका ओळीत बंद करता येते आणि बऱ्याच ठिकाणी तसाच सल्ला मिळतो. करू नका. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमकडून यूट्यूबचा एक प्रिफिक्स (पत्त्यांचा पट्टा) बाहेर निसटला आणि जगभर यूट्यूब बंद पडलं, ते असल्याच मोकळ्या दारांमुळे. आपल्याकडे दोन अपस्ट्रीम असतील आणि बाहेरच्या दिशेला फिल्टर नसेल, तर एकाचे रूट्स दुसऱ्याला सांगून आपण बसल्या जागी मधला रस्ता बनतो. आमच्या १० जीच्या कार्डावर कोणाचं महामार्गाचं ट्रॅफिक यायचं म्हणजे भांडुपच्या गल्लीत डंपर घुसल्यासारखं.

आता पावसाळ्याबद्दल, कारण खरी परीक्षा तिथे झाली. मुंबईत फायबर तुटायला निमित्त लागत नाही. रस्ता खोदतात, झाड पडतं, इमारतीवरून इमारतीवर गेलेली केबल कोणीतरी कापून टाकतं. आमच्या एका अपस्ट्रीमकडे जाताना मधे दुसऱ्याचा स्विच आहे. पलीकडचा तुकडा तुटला तरी आमच्या बाजूचा पोर्ट हिरवाच राहतो. अशा वेळी बीजीपीला आपणहून कळत नाही. नेहमीचा होल्ड टाइम (शेजारी गप्प झाल्यावर वाट पाहायची मुदत) १८० सेकंदांचा, म्हणजे तीन मिनिटं अर्धं ट्रॅफिक खड्ड्यात. तीन मिनिटांत आमच्या ऑफिसचे सगळे फोन वाजतात, मॅच चालू असेल तर मालकांचाही.

यावर उपाय बीएफडी, म्हणजे पलीकडचा राउटर जिवंत आहे का ते सारखी हाक मारून पाहायची पद्धत. एफआरआरमध्ये त्याचा वेगळा डीमन आहे, नेहमीच्या सेटिंगला दर ३०० मिलिसेकंदांनी हाक आणि तीन हाका हुकल्या की सेशन पाडायचं. म्हणजे सेकंदाच्या आत ट्रॅफिक दुसऱ्या लाइनवर. अपस्ट्रीमने त्यांच्या बाजूला चालू करायला आढेवेढे घेतले, त्यांचे मेल वाचण्यात जेवढा वेळ गेला तेवढा एफआरआरच्या कॉन्फिगला गेला नाही. जुलैमधल्या एका मुसळधार रात्री ती लाइन पडली, उठली, पुन्हा पडली, आणि सकाळी लॉग पाहीपर्यंत आम्हाला पत्ताही नव्हता. मात्र लाइन सारखी लुकलुकत असेल तर बीएफडी इतक्या तत्परतेने सेशन पाडतं-उठवतं की तोच त्रास होतो. आम्ही नंतर त्या एका लाइनवर अंतर थोडं वाढवलं.

रोजच्या वापरात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रीलोडची स्क्रिप्ट. कॉन्फिग फाइल बदलायची आणि स्क्रिप्ट टेस्टच्या पर्यायाने चालवायची. चालू असलेल्या कॉन्फिगमधून कोणत्या ओळी जाणार आणि कोणत्या येणार ते दोन याद्यांत दाखवते, हात काही लावत नाही. पटलं तर खरी चालवायची, तेवढाच फरक लागू होतो, सेशन पडत नाहीत. जुन्या राउटरवर प्रिफिक्स-लिस्ट बदलताना मी श्वास रोखून बसायचो. आता फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) असते, पोरं बदल करतात, मी दोन याद्या वाचतो आणि हो म्हणतो.

मेमरीचा मुद्दा किरकोळ आहे. दोन पूर्ण टेबलं घेऊनही १६ जीबीत आरामात मावतं. फक्त प्रत्येक शेजाऱ्यावर सॉफ्ट-रीकॉन्फिगरेशन लावू नका, त्याने आलेल्या रूट्सची आणखी एक प्रत साठवली जाते. तपासणीपुरतं लावा, काढा.

जमेची बाजू झाली, आता खर्चाची. सोर्समधून बांधलं की सुरक्षेची दुरुस्ती आपोआप येत नाही. एपीटी अपग्रेड चालवून झोपायला गेलो असं होत नाही. बीजीपीचा डीमन १७९ नंबरच्या पोर्टवर बाहेरच्यांशी बोलतो, वेडीवाकडी पॅकेट आली की कोसळेल अशा त्रुटी सापडत असतात, आणि त्या आपल्याला लागू आहेत का हे पाहायची जबाबदारी तुमची. प्रत्येक वेळी बांधायचं, दुसऱ्या मशीनवर तपासायचं, मग चढवायचं. आणि चढवताना रीस्टार्ट अटळ. झेब्राला रूट्स लगेच पुसू नकोस, थोडा थांब असं सांगणारा पर्याय आहे, बीजीपीचं ग्रेसफुल रीस्टार्टही आहे, पण त्यांचा पूर्ण उपयोग व्हायला अपस्ट्रीमचीही साथ लागते. आम्ही सरळ मार्ग धरला. एका सर्व्हरवर आधी ग्रेसफुल-शटडाऊन द्यायचं, त्याने शेजाऱ्यांना कम्युनिटी, म्हणजे रूटवर लावलेली ठरावीक खूण, जाते आणि ट्रॅफिक हळूहळू दुसऱ्या सर्व्हरवर सरकतं, मग निवांत चढवायचं. यासाठी सर्व्हर दोन लागतात. एकाच सर्व्हरवर धंदा चालवणाऱ्याने सोर्सची अपग्रेड भर संध्याकाळी करून पाहावी, असं सांगण्याइतकं माझं कोणाशीच वैर नाही.

शिवाय हे काम माणसाला चिकटतं. लिबयांग कुठून आणली, कोणते पर्याय दिले, सर्व्हिस फाइलमध्ये काय बदललं, हे ज्याने केलं त्याच्या डोक्यात राहतं. म्हणून आम्ही बांधणीच्या सगळ्या पायऱ्या एका स्क्रिप्टमध्ये घातल्या, आणि आधीचा बांधलेला फोल्डर लगेच पुसत नाही. नवीन आवृत्तीने काही वेडेपणा केला तर जुन्या फोल्डरात जाऊन पुन्हा मेक इन्स्टॉल करता येतं.

आता ठाण्याच्या बाजूला आमचा नवा पॉप (ग्राहकांना जोडणारं केंद्र) उभा राहतोय. तिथला सर्व्हर मी भांडाराच्या पॅकेजवरच ठेवणार आहे. हवी होती ती दुरुस्ती आता पॅकेजात आली आहे, लिबयांग त्याच भांडारातून योग्य आवृत्तीची येते, आरपीकेआयचं मॉड्यूल वेगळं पॅकेज म्हणून मिळतं. भांडुपचे दोन्ही सर्व्हर मात्र सध्या सोर्सवरच राहतील. तिथे पॅकेज आणायचं म्हणजे आधी हाताने बसवलेल्या फाइली एकेक शोधून काढायच्या, आणि ते काम आता दिवाळीनंतरच.