मूव्हिंग डाय रिओमीटर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. ट्रॉलरच्या इंजिनांसाठी नायट्राइलची (तेलाला टिकणाऱ्या रबराची) ऑइल सील आणि जेट्टीला लावायचे एसबीआरचे (स्टायरीन-ब्युटाडाईन रबरचे) फेंडर, म्हणजे बोटीचे धक्के झेलणारे ठोकळे, एवढाच पसारा.

मूव्हिंग डाय रिओमीटर म्हणजे कच्चं रबर तापवून ते किती वेळात पक्कं (व्हल्कनाइज) होतं ते मोजणारं मशीन. जुन्या रोटरवाल्या मशीनपेक्षा हे कितीतरी सुटसुटीत. रोटर तापायची वाट बघणं नाही, टेस्टनंतर चिकटलेलं रबर खरवडणं नाही. चार-पाच ग्रॅमचा तुकडा दोन फिल्ममध्ये ठेवायचा, तापलेल्या डाय (साच्याचे वरचा-खालचा भाग) बंद करायच्या. खालची डाय अर्धा अंश इकडे-तिकडे मिनिटाला 100 वेळा हलते, वरची टॉर्क (पिळाचा जोर) मोजते; रबर पक्कं होत जाईल तसा तो वाढतो. स्कॉर्चची वेळ (रबर पक्कं व्हायला सुरुवात होईपर्यंतची) आणि टी-90 (ते 90 टक्के पक्कं होईपर्यंतची) लगेच हातात.

पण सॉफ्टवेअर जो रेट कॉन्स्टंट (रबर पक्कं होण्याच्या वेगाचा आकडा) छापतं, तो डोळे झाकून घेऊ नका. आमच्या एसबीआरचा टॉर्कचा आलेख वर जाऊन सपाट होतच नाही, हळूहळू चढतच राहतो. मग कमाल टॉर्क कुठला धरायचा? टेस्ट 12 मिनिटांत थांबवली तर एक टी-90, 30 मिनिटं चालवली तर दुसरा. रेट कॉन्स्टंटचं सगळं गणित कमाल टॉर्कमधून त्या क्षणाचा टॉर्क वजा करून लॉगरिदम काढण्यावर उभं, म्हणजे पायाच डळमळीत. आम्ही आता प्रत्येक कंपाउंडसाठी (रबराच्या मिश्रणासाठी) टेस्टचा वेळ ठरवून टाकलाय.

नायट्राइल त्या मानाने गुणी. 160 अंशांना टी-90 साडेसात मिनिटं, 170 ला सव्वाचार. 150 ते 180 पर्यंत चार तापमानं घेऊन अऱ्हेनियसची रेघ (तापमानानुसार वेग कसा बदलतो त्याचा आलेख) ओढली तर सक्रियण ऊर्जा, म्हणजे तापमानाचा वेगावर किती परिणाम होतो ते सांगणारा आकडा, मोलला साधारण 90 किलोज्यूल येते. दहा अंशांना वेळ निम्मा, हा मिलवरचा (रबर मळायच्या यंत्रावरच्या कामगारांचा) ठोकताळा आमच्याकडे थोडा कमीच भरतो. फेंडरला मात्र हे आकडे थेट लावू नयेत. रबर उष्णता सावकाश नेतं, जाड मालाचा गाभा प्रेसमध्ये कितीतरी उशिरा तापतो.

जुलैमध्ये स्कॉर्चची वेळ घसरायला लागली तेव्हा सगळ्यांनी आधी मशीनलाच शिव्या घातल्या. मशीन बरोबर होतं. सीबीएसची (रबर लवकर पक्कं करणाऱ्या रसायनाची, म्हणजे अॅक्सिलरेटरची) पोती उघडी राहून दमट झाली होती. सीबीएससारख्या सल्फेनामाइड जातीच्या अॅक्सिलरेटरला इथली हवा मानवत नाही. आता ती बंद डब्यांत असतात.

तक्रार एकच, सर्व्हिसची. माणूस घाटावरून येणार आणि पावसात फोनवरच बोळवण करणार. डायच्या सीलचा जादा संच मशीनसोबतच मागून घ्या. कॉम्प्रेसरच्या लाइनला चांगला मॉइश्चर सेपरेटर (हवेतलं पाणी वेगळं करणारा) हवाच, आणि त्याचं पाणी पावसाळ्यात रोज सोडावं लागतं.