अकोल्याच्या उन्हात छतावरचं सोलर : तिन्ही ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

सोलर बसवल्यावर बिल खरंच कमी होतं का, हे हल्ली शेजारपाजारचे सगळेच विचारतात. होतं, आणि चांगलंच होतं. पण आमच्याकडे जो फरक पडला, त्यात पॅनलइतकाच वाटा त्याआधी घरात केलेल्या दोन-तीन बदलांचा आहे. म्हणून आधी घराबद्दल.

घर दुमजली, वरचा स्लॅब उघडा. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर जातो आणि रात्री अकरा वाजताही वरच्या खोलीची भिंत हाताला गरम लागते. दोन कूलर, एक एसी, सहा पंखे, मोटार, गिझर. उन्हाळ्यात वापर साडेचारशे युनिटच्या घरात जायचा. 300 युनिट ओलांडले की पुढच्या टप्प्याचा दर एकदम चढतो, त्यामुळे वरचे दीडशे युनिटच जास्त बोचायचे. सोलरचा अर्ज करण्याआधी आम्ही पंखे बदलले. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा पंखा 28 ते 30. उन्हाळ्यात पंखे बंद असे होतच नाहीत. नुसत्या या बदलाने महिन्याला ऐंशीच्या वर युनिट वाचतात. एजन्सीवाले 5 किलोवॅट सुचवत होते, आमचं 3 वर भागलं. आणि प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचं अनुदान 3 किलोवॅटला 78,000 रुपये मिळतं, त्यापुढे कितीही मोठं सोलर घेतलं तरी तेवढंच राहतं. आम्हाला सगळं मिळून एक लाख नव्वद हजारांच्या आसपास पडलं. अनुदान नंतर थेट बँक खात्यात आलं. त्यासाठी पॅनल आणि त्यातले सेल भारतात बनलेले असावे लागतात, हे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून घ्या.

पॅनल 540 वॅटचे, सहा. दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारे, म्हणजे बायफेशियल. म्हणून स्ट्रक्चर जरा उंच घेतलं आणि खालच्या स्लॅबला पांढरा उष्णतारोधक रंग मारला. पांढऱ्या स्लॅबवरून उजेड उलटून पॅनलच्या पाठीला मिळतो, आणि स्लॅब तापतही नाही. आता भर मे महिन्यात दुपारी पॅनलखाली अनवाणी उभं राहता येतं. दोन पावलं बाहेर, जिथे रंग नाही तिथे, पाय टेकवत नाही. या सावलीमुळे वरच्या खोलीत पूर्वी रात्रभर चालणारा एसी आता झोपायच्या आधी तासभर लावला तरी पुरतो. पुढे कूलर. वाचलेली ही वीज सोलरच्या अ‍ॅपमध्ये कुठेच दिसत नाही, पण मला या सगळ्यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

निर्मिती किती? फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ दिवशी 14-15 युनिट. मे महिन्यात ऊन जास्त, दिवस मोठा, तरी आकडा त्याच्या वर जात नाही, उलट थोडा खालीच राहतो. कारण पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको. त्याची क्षमता 25 अंशांना मोजलेली असते, आणि त्यावर प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के घट होते. आपल्याकडे दुपारी पॅनल 65 अंशांच्या पुढे तापतात, म्हणजे 14-15 टक्के तिथेच गेले. पॅनलखालून वारा खेळता राहिला तर घट थोडी आटोक्यात राहते. उंच स्ट्रक्चरचा तोही फायदा. जुलै-ऑगस्टच्या झडीत मात्र दिवसाला 4-5 युनिटांवर समाधान मानावं लागतं.

धुण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. आपण खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट. बोअरच्या पाण्याने पॅनल धुतले की वाळल्यावर काचेवर पांढरे डाग उठतात, आणि ते साठत गेले की धुळीपेक्षा वाईट. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणीच वापरा. सूर्य वर यायच्या आत, काच थंड असताना धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. मऊ कापड आणि लांब दांड्याचा पुसणा पुरतो, साबण नको. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी धुतलं की दिवसाला एखाद युनिटचा फरक अ‍ॅपवर लगेच दिसतो.

वानरांचा त्रास आहे. स्ट्रक्चरवरून उड्या मारतात, केबल ओढतात. केबल उघडी न ठेवता पाइपातून घ्यायला लावा आणि क्लिपा पक्क्या करून घ्या.

बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो: लाइट गेली तरी सोलरवर घर चालेल. नाही चालत. लाइन गेली की सोलरचा ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टरही थांबतो, कारण खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या तारेत आपल्या घरची वीज जाता कामा नये. भर दुपारी, डोक्यावर ऊन रणरणत असताना घरातले पंखे बंद पडलेले बघून जीव हळहळतो. आमचा जुना बॅटरीचा इन्व्हर्टर तेवढ्यासाठी ठेवला आहे.

बिलावर आता आयात (लाइनवरून घेतलेली वीज) आणि निर्यात (लाइनवर दिलेली वीज) अशा दोन नोंदी येतात. फेब्रुवारीत बिल जवळपास स्थिर आकारापुरतंच आलं; तो आकार मात्र काही केलं तरी जात नाही. मेमध्ये थोडे युनिट भरावे लागले. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात आणि 31 मार्चला उरलेल्यांचा हिशोब होतो, पण तो दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून वीज विकून कमवायच्या हिशोबाने मोठं सोलर घेऊ नका, घराच्या गरजेपुरतं घ्या.

तक्रार आहे ती बसवणाऱ्या एजन्सीबद्दल. पॅनल चटकन चढले, पण नेट मीटरचे, म्हणजे आलेली आणि गेलेली वीज वेगवेगळी मोजणाऱ्या मीटरचे कागद त्यांनी वेळेवर दिले नाहीत आणि ऐन हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात सोलर नुसतं उभं राहिलं. मीटर बसेपर्यंत ते चालू करू नये, हे बरोबरच आहे. जुना मीटर बाहेर गेलेली वीजही आपल्याच वापरात धरू शकतो. तेव्हा शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावरच देईन असं आधीच ठरवून घ्या. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे, पॅनलचा, इन्व्हर्टरचा आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा, स्वतः उभं राहून खोदून घ्या. स्लॅबला जिथे नटबोल्ट मारले तिथलं वॉटरप्रूफिंगही पहिल्या पावसाआधी बघून घ्या.